अमेरिका पाहण्याचे डोळे

वाळवे तालुक्यातील एखादा तरुण अमेरिकेतून चार आठवड्यांच्या रजेवर घरी आला म्हणजे त्यास तीन प्रश्न हटकून विचारले जातात. पगार किती, घर केवढे, आणि कायमचे परत येणार की नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकण्यास कोणी फारसे थांबत नाही. कारण पहिल्या दोन उत्तरांनीच ऐकणाराचे पोट भरलेले असते. इस्लामपूर हे काही मुंबई-पुण्यासारखे शहर नव्हे. २०२५ साली शासनाने त्याचे नाव ईश्वरपूर करण्याचे ठरविले, तरी बाजाराच्या दिवशी लोकांच्या जिभेवर जुनेच नाव येते, आणि गाव आहे तेवढेच आहे. परंतु जवळच साखराळ्याच्या माळावर १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि ज्या घरांची मागची पिढी उसाला पाणी पाजण्यात गेली त्या घरांतील मुले-मुली टेक्सास, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशी नावे आज शेजारच्या गावांच्या नावांप्रमाणे घेऊ लागली आहेत. ही गोष्ट आम्हांस अभिमानाचीच वाटते. खंत वाटते ती एवढ्याचीच की, त्या देशात माणूस माणसाशी कसा वागतो, हा चौथा प्रश्न विचारणारा गृहस्थ आमच्या तालुक्यात दिवा घेऊन शोधावा लागतो.

परक्या देशाविषयी मनुष्य जे मत देतो त्यात त्या देशाचे चित्र जेवढे असते तेवढेच ते देणाऱ्याच्या घरचेही असते. तोकव्हील हा फ्रेंच गृहस्थ १८३१ साली अमेरिकेत गेला तो तेथील तुरुंगांची पाहणी करण्याच्या निमित्ताने. परंतु त्याच्या मनात सारखा फ्रान्स देश घोळत होता, आणि समतेचे वारे आपल्या देशास कोठे नेऊन सोडणार या चिंतेतून त्याने अमेरिकेतील लोकशाहीवर ग्रंथ लिहिला. सुमारे अकरा वर्षांनी चार्लस डिकन्स गेला. त्यास तेथील लोकांच्या तंबाखू खाऊन जागोजाग थुंकण्याचा वीट आला आणि गुलामांच्या हालांचा संताप आला. त्याने आपल्या वृत्तान्तात दोन्ही गोष्टी परखडपणे लिहिल्या व अमेरिकन लोकांचा रोष ओढवून घेतला. युरोपीय प्रवाशांची ही परंपरा सर्वश्रुत आहे. मराठी माणसांनी अमेरिकेची जी पारख केली ती मात्र आमच्याच लोकांस फारशी ठाऊक नाही, आणि आमच्या मते ती योग्यतेने यत्किंचितही कमी नाही.

तिचा आरंभ अमेरिका कधीही न पाहिलेल्या मनुष्यापासून होतो. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि ते कोणा राजास, संस्थानिकास वा साहेबास अर्पण न करता युनायटेड स्टेट्समधील सदाचारी लोकांस अर्पण केले. निग्रो गुलामांस दास्यमुक्त करण्याच्या कामी त्या लोकांनी जी निःस्वार्थ वृत्ती दाखविली तिजबद्दल आदर, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बंधूंस मुक्त करण्यात त्यांचा कित्ता गिरवावा ही इच्छा, असा त्या अर्पणपत्रिकेचा आशय आहे. अमेरिकन माणसे जोतीरावांस अगदीच अपरिचित नव्हती. अमेरिकन मिशन १८१३ साली मुंबईस आणि १८३१ साली अहमदनगरास आले होते, आणि सावित्रीबाईंस अध्यापनाचे शिक्षण नगरास मिस फरार या अमेरिकन बाईंच्या शाळेत मिळाले होते. तथापि जोतीरावांनी अर्पणपत्रिकेत जी अमेरिका उभी केली तिचा रोख अमेरिकेवर नव्हताच. ज्या गोऱ्या लोकांस गुलामगिरीपासून काहीच तोटा नव्हता त्यांतल्या पुष्कळांनी ती मोडण्यासाठी रणांगणावर प्राण दिले. तुम्ही आपल्या गावच्या विहिरीवरील दोर सैल करण्यास तरी तयार आहात काय, असा तो पुण्या-साताऱ्याच्या उच्चवर्णीयांस सवाल होता.

दुरून केलेल्या स्तुतीत एक उणेपणा राहतोच. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने नाहीशी झाली खरी. परंतु १८७७ साली दक्षिणेकडील राज्यांतून मध्यवर्ती सरकारचे सैन्य निघून जाताच तेथील गोऱ्यांनी काळ्या लोकांचे नवे हक्क एकामागून एक हिरावून घेतले, आणि तो अन्याय पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक टिकला. जोतीरावांच्या पुस्तकानंतर हे चारच वर्षांत घडले. म्हणून त्यांची स्तुती खोटी ठरते असे मात्र आम्ही मानीत नाही. ज्यांस उद्देशून ती होती त्या आमच्या समाजाने तिचे काय केले, याचाच हिशेब प्रथम व्हावयास हवा.

यानंतरची दोन माणसे एकाच घरातली आहेत, आणि त्यांनी पाहिलेल्या अमेरिका मात्र दोन निघाल्या. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या, न्यू जर्सीतील रोझेल गावी कारपेंटर बाईंच्या घरी मुलीप्रमाणे राहिल्या, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. लुगडे आणि शाकाहार यांचा त्यांनी त्याग केला नाही, आणि त्यापायी कारपेंटर बाईंच्या मायेत अंतर पडले नाही. त्यांस नेणारे, शिकविण्याचा हट्ट धरणारे पती गोपाळराव मागाहून तिकडे गेले, आणि जागोजाग व्याख्याने देऊन अमेरिकन लोकांच्या धर्मावर, चालीरीतींवर व विशेषतः तेथील स्त्रियांच्या वागणुकीवर तोंडसुख घेत हिंडले. पुढे १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनच्या चहापानाने भल्याभल्यांची फजिती करणारे गोपाळराव ते हेच. त्यांची टीका सर्वस्वी खोटी होती असे नाही. त्या देशात दारू होती, पैशाचा हव्यास होता, आणि १८८२ साली चिनी मजुरांस बंदी करणारा कायदाही झाला होता. परंतु ज्या देशाने आपल्या बायकोस डॉक्टर केले त्याचे दोष मोजताना, आपल्या देशात ती डॉक्टर का होऊ शकली नाही, हा हिशेब त्या व्याख्यानांत कधी आला नाही. परदेशाचे दोष दाखवून स्वदेशाचे दोष झाकण्याची जी कला आज इतकी भरभराटली आहे तिचे हे जुने उदाहरण होय.

आता आम्ही ज्या ग्रंथासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास मार्च १८८६ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियास आल्या. त्या महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांनी त्यांस बोलाविले होते. येणे झाले समारंभापुरते, राहणे झाले १८८८ च्या अखेरपर्यंत. या अवधीत त्यांनी बालोद्यानाच्या शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून १८८७ साली प्रसिद्ध केले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे त्यांच्या नावाची संस्था स्थापन होऊन बालविधवांच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन मिळाले. पॅसिफिक समुद्र ओलांडून, जपान पाहून त्या १८८९ च्या आरंभी मुंबईस उतरल्या, ११ मार्च रोजी शारदा सदन उघडले, आणि त्याच वर्षी निर्णयसागर छापखान्यातून त्यांचा मराठी ग्रंथ बाहेर पडला: 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'.

ग्रंथाच्या नावातच बाईंची दृष्टी प्रकट होते. प्रवासवृत्त मागे, लोकस्थिती पुढे. समुद्रप्रवास, बर्फाचा हिवाळा, आगगाड्या यांची वर्णने आहेत. परंतु बाईंचे मन रमते ते त्या देशाची राज्यव्यवस्था कशी चालते, घरे कशी चालतात, शाळा कोण काढतो, धर्मादाय पैसा कोठे जातो, उद्योगधंदे कसे वाढले, आणि या सर्वांत बायका कोठे आहेत, या विचारात. स्त्रियांच्या स्थितीवरील प्रकरण हे त्या ग्रंथाचे हृदय होय. अमेरिकन बायका एकत्र जमून सभा चालवितात, हिशेब ठेवतात, अध्यक्ष निवडतात, दारूविरुद्ध देशभर चळवळ करितात, हे पाहून त्यांस जो आनंद झाला तो पानोपानी दिसतो. फ्रान्सिस विलर्ड यांच्या मद्यपाननिषेधक मंडळीवर त्यांचा फार लोभ होता. हे सर्व त्या लिहीत होत्या ते अशा वाचकांसाठी, ज्यांच्या घरातील बाईने चार परक्या माणसांसमोर तोंड उघडणे हाच मर्यादाभंग होता, आणि ज्यांच्या घरात दहा वर्षांची विधवा केशवपन करून कोपऱ्यात बसविलेली होती.

परंतु बाई भाटगिरी करीत नाहीत, आणि याकरिताच आम्ही त्यांस मराठीतील अमेरिकेच्या सर्वश्रेष्ठ परीक्षक मानितो. त्याच अमेरिकन बायकांस मताचा हक्क नाही, त्यांस पुरुषांपेक्षा मजुरी कमी मिळते, हे त्यांनी लिहून ठेविले. सबंध देशाच्या स्त्रियांस तो मताचा हक्क घटनेने मिळण्यास १९२० साल उजाडावे लागले. काळ्या लोकांविषयी गोऱ्यांच्या मनात जो दुरावा आहे तो आमच्याकडील जातिभेदाच्याच जातकुळीतला आहे हे त्यांनी ओळखले, आणि स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्या राष्ट्रास हे शोभत नाही असे सांगितले. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांस ज्या दगाबाजीने व क्रूरतेने हुसकून लावण्यात आले तिजबद्दल तर त्यांची लेखणी फारच कडक होते. लक्षात घ्या, हे लिहिणारी बाई त्याच अमेरिकन लोकांच्या वर्गणीवर आपली शाळा काढावयास निघाली होती. वर्गणी देणाऱ्याचे दोष वर्गणी घेऊन छापून काढण्याचा असा धीटपणा आजच्या किती संस्थाचालकांपाशी आहे, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहून ठरवावे.

गोपाळरावांस फक्त दोष दिसले. जोतीरावांनी दुरून एकच गुण पाहिला. रमाबाईंनी चाळण हाती घेतली. अमुक गोष्ट अमेरिकन आहे म्हणून चांगली, किंवा अमुक गोष्ट आपली आहे म्हणून चांगली, हे दोन्ही मार्ग त्यांनी टाकले. एखाद्या समाजात जे सर्वांत दुबळे, त्यांची स्थिती कशी, हे एकच माप त्यांनी दोन्ही देशांस लाविले. त्या मापाने अमेरिका काही बाबतीत आमच्यापेक्षा पुष्कळ सरस निघाली आणि काही बाबतीत आमच्याच पंक्तीस येऊन बसली.

या ग्रंथाचे पुढे काय झाले? बाई ख्रिस्ती झालेल्या होत्या. १८९३ साली शारदा सदनातील मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून पुण्यात रान उठले, वृत्तपत्रांतून बाईंवर भडिमार झाला, आणि बाईंबरोबर त्यांचा ग्रंथही मराठी वाचकाने कोनाड्यात टाकला. शतकभर तो दुर्मिळच राहिला. मीरा कोसंबी यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले, आणि अमेरिकन विद्यार्थी आपल्या देशाचे एकोणिसाव्या शतकातील चित्र एका मराठी बाईच्या डोळ्यांनी पाहू लागले. ज्यांच्यासाठी तो लिहिला गेला त्यांच्यापैकी किती जणांनी त्याचे नाव ऐकिले आहे? बाईंचा धर्म कोणास पटो वा न पटो; त्यांची मते वाचण्याचे सोडून देण्यास ते कारण कसे होऊ शकते, हे आम्हांस तरी उमगत नाही.

रमाबाईंनंतर पाव शतकाने साताऱ्याच्या शाळेत शिकलेला एक विद्यार्थी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोहोचला. शाळेत ज्यास घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे, त्या भीमराव आंबेडकरांस कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात कोणी जात विचारली नाही. तिकडे गेल्यावर थोड्याच दिवसांत वडिलांच्या एका स्नेह्यास धाडलेल्या पत्रात त्यांनी काय लिहावे? मुलग्यांबरोबर मुलींनाही शिक्षण दिले तर आपल्या समाजाच्या उन्नतीस वेग येईल. वयाच्या बाविसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींच्या सावलीत बसून ज्यास हे सुचते त्याची दृष्टी काय असेल! पुढे त्यांनी लिहून ठेविले आहे की, युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांच्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहो ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू होताच ती जाणीव त्यांस लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी पारशी वसतिगृहाच्या दारात पुन्हा करून दिली.

तथापि आंबेडकरांनीही अमेरिकेस स्वर्ग मानले नाही. १९४६ साली त्यांनी तेथील कृष्णवर्णीयांचे थोर पुढारी डॉ. दु बॉय यांस पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे निग्रो लोकांनी जे गाऱ्हाणे मांडले होते त्याच्या प्रती मागविल्या. अमेरिकेत आपल्यास मिळालेल्या समतेने तृप्त न होता, ती तेथील कोणास मिळत नाही याची चौकशी करणे, ही रमाबाईंचीच चाळण होय.

येथे आमच्या तालुक्यातील अमेरिकावासी कुटुंबांस एका गोष्टीचे स्मरण देणे आवश्यक वाटते. हिंदी माणसास अमेरिकेचे दार सदैव उघडे होते असे कोणी समजू नये. १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतेक देशांच्या लोकांस मज्जाव झाला. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे, सबब त्यास नागरिकत्व नाही, असा निर्णय दिला. १९४६ साली दार किलकिले झाले ते वर्षास शंभर माणसांपुरते. ते खऱ्या अर्थाने उघडले १९६५ च्या कायद्याने. आणि १९६५ हे साल म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीने काळ्या लोकांस मताचा हक्क मिळवून दिला तेच साल. वंशावरून माणसाची किंमत करणे लाजिरवाणे आहे, हे त्या चळवळीने गोऱ्या अमेरिकेच्या गळी उतरविले, तेव्हाच देशादेशांच्या वाटणीचे ते जुने कोष्टक मोडले. साखराळ्याचा पदवीधर आज ज्या दाराने आत जातो ते काळ्या माणसांच्या पाठीवर पडलेल्या लाठ्यांनी उघडले आहे. असे असता आमचेच लोक तिकडून येऊन, अमक्या वस्तीत काळे राहतात म्हणून आम्ही तेथे घर घेतले नाही, असे बैठकीत सांगतात, आणि बैठक माना डोलावते! जोतीरावांच्या मुलखात हे घडावे याची आम्हांस लाज वाटते.

अमेरिकेत गेलेल्या प्रत्येक मराठी माणसास तेथील एका गोष्टीचे कौतुक वाटते, ती म्हणजे कष्टाची लाज नसणे. रमाबाईंसही ते वाटले होते. आज तिकडे राहणारा आमचा अभियंता स्वतःची भांडी घासतो, मोरी धुतो, अंगणातील गवत कापतो. उत्तम. मात्र तोच गृहस्थ इस्लामपुरास रजेवर आला की जेवल्यावर आपले ताटही उचलीत नाही. बायकोही म्हणते की, येथे बरे दिसणार नाही. तिकडे जो सद्गुण, तो इकडे कमीपणा कसा होतो? आणि ही गोष्ट अमेरिकेहून आणावी लागते असेही नाही. याच तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक हे ज्यांच्या घराण्याचे गाव, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास १९२४ साली सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. महार, मराठा, जैन, मुसलमान मुलांनी एका चुलीवरचे अन्न खाल्ले, दगड फोडले, शेत नांगरले आणि त्या कष्टावर शिक्षण घेतले. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्किगीच्या शाळेत काळ्या मुलांनी स्वतः विटा पाडून आपल्या इमारती बांधल्या, ती हकीकत आमच्याकडे कौतुकाने सांगितली जाते. साताऱ्याच्या टेकडीखाली तेच घडले, तर ते केवळ जयंतीच्या भाषणापुरते उरले आहे.

स्त्रियांचा प्रश्न रमाबाईंस सर्वांत जिव्हाळ्याचा, म्हणून तोही विचारू. अमेरिकेतील वर म्हटला की आमच्याकडे मुलीचे आईबाप हुरळून जातात. मुलगी अभियंता असो की डॉक्टर, तिला त्या देशात पाऊल ठेवताना मिळणारा परवाना बहुधा नवऱ्याच्या परवान्यास जोडलेला असतो. अशा एच-फोर व्हिसावर आलेल्या बायकांस २०१५ च्या मे महिन्यापर्यंत तेथे नोकरी करण्याची सर्वथा बंदी होती. त्यानंतरही मुभा मिळाली ती ज्यांच्या नवऱ्यांचा कायम वास्तव्याचा अर्ज एका विशिष्ट टप्प्यास पोहोचला आहे अशांनाच. म्हणजे पंधरा-सोळा वर्षे शिकलेली मुलगी, नवऱ्याशी पटले नाही तर परवानाही नाही आणि पैसाही नाही, अशा स्थितीत जगाच्या दुसऱ्या टोकास जाऊन बसते. सोयरीक ठरविताना वराकडील बंगल्याच्या खोल्या मोजणाऱ्या किती वधूपित्यांनी ही चौकशी केली आहे? आमच्या डोळ्यांसमोर अशा मुली आहेत ज्यांनी उमेदीची वर्षे बर्फाकडे पाहत घालविली, आणि माहेरी फोनवर सर्व कुशल आहे असे सांगितले. त्यांची नावे आम्ही लिहिणार नाही; ज्यांची त्यांनी ओळखावी.

आणि जात? ती तर आमच्या मंडळींनी विमानात बरोबर नेली. वराच्या जाहिरातीत 'अमेरिकास्थित' हा शब्द असतो आणि त्याच्या शेजारी 'स्वजातीय' हा शब्द असतो, आणि या दोन शब्दांस एकमेकांशेजारी बसताना संकोच वाटत नाही. बॉस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली जातीवरून भेदभाव करण्यास आपल्या नियमांत मनाई केली. ज्या बॉस्टनने १८८७ साली आमच्या बालविधवांसाठी वर्गणी उभी केली, त्याच्या वेशीवर आमच्या जातिभेदास बंदी करणारा नियम लिहावा लागला! २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल नगराने तसाच कायदा केला. अमेरिकेतील नगरांत तो पहिलाच. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी विधेयक संमत केले, पण असलेले कायदे पुरेसे आहेत असे म्हणून राज्यपालांनी ते ऑक्टोबरात नामंजूर केले. या कायद्यांस विरोध करणाऱ्या आमच्या देशबांधवांचे म्हणणे असे की, यामुळे संबंध समाजास बट्टा लागतो. हा आक्षेप विचारात घेण्यासारखा नाही असे आम्ही म्हणत नाही. परक्या देशात आधीच संशयाने पाहिले जाणाऱ्या लोकांस आणखी एक शिक्का नकोसा वाटणे साहजिक आहे. परंतु ज्यांस तेथेही आडनाव लपवून काम करावे लागते त्यांची भीती या बट्ट्याच्या भीतीपेक्षा अधिक खरी आहे, आणि बट्टा कायद्याने लागत नसून वर्तनाने लागतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेवटी एक उलट बाजूचे उदाहरण, आणि तेही आमच्या दारातले. १८७३ साली जोतीरावांनी अमेरिकन लोकांस पुस्तक अर्पण केले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७३ साली, मिनियापोलिस येथे जन्मलेल्या एका अमेरिकन तरुणीने बर्कलेच्या विद्यापीठात प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळ. त्या गेल ऑम्वेट. त्यांनी मराठी शिकून घेतली, आमच्याच तालुक्यातील कासेगावच्या भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला, १९८३ साली अमेरिकेचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले, आणि धरणग्रस्तांच्या, दुष्काळी भागातील पाण्याच्या व परित्यक्ता स्त्रियांच्या चळवळींत त्या येथल्याच होऊन राहिल्या. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावीच त्यांचे निधन झाले. ज्या देशात जाण्यासाठी आमची मुले परवान्याच्या रांगेत वर्षानुवर्षे उभी राहतात, तो देश सोडून ही बाई महामार्गाच्या कडेच्या एका खेड्यात चाळीस वर्षांहून अधिक राहिली. तिने आमची स्तुती केली नाही. आमची जात, आमचा पुरुषी अहंकार, आमचे पाण्याचे वाटप यांवर बोट ठेविले, आणि आपल्या मूळ देशाच्या वंशभेदाबद्दल व युद्धखोरीबद्दलही तिचे तोंड बंद नव्हते. शेजारच्या गावातील लोक तिला कौतुकाने अमेरिकन बाई म्हणत. तिने काय लिहिले, हे त्यांतल्या किती जणांनी वाचले?

आमच्या सूचना अगदी साध्या आहेत. तालुक्यातील प्रत्येक ग्रंथालयाने रमाबाईंचा ग्रंथ मिळवून वाचकांच्या हाती पडेल अशा जागी ठेवावा. महाविद्यालयांनी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निरोपसमारंभात हारतुऱ्यांऐवजी त्याची प्रत द्यावी. वधूपित्यांनी सोयरीक ठरविण्यापूर्वी मुलीस तेथे नोकरीचा परवाना केव्हा मिळेल, याची लेखी माहिती मागावी. आणि ज्यांची मुले-मुली अमेरिकेत आहेत त्यांनी पुढच्या वेळी बोलणे होईल तेव्हा पगार न विचारता त्यांच्या कचेरीत झाडलोट करणारा माणूस कोण आहे, त्यास ते नावाने हाक मारतात काय, शेजारी कोणत्या वर्णाचे आहेत व त्यांच्याकडे जेवणे-खाणे आहे काय, आणि कचेरीतील मराठी मंडळींनी आडनाव विचारून झाल्यावर पुढे काय विचारले, हे विचारावे. आलेली उत्तरे कोणी आमच्याकडे पाठविल्यास, लिहिणाराचे नाव व गाव गाळून आम्ही ती या पत्रात क्रमशः प्रसिद्ध करू.